जेट मॉर्गनचा मतदारसंघ

ऑगस्ट 1963 मध्ये शेक्सपिअरच्या गावात पोटनिवडणूक लागली. स्ट्रॅटफर्डचे खासदार जॉन प्रोफ्यूमो हे युद्धमंत्री. ख्रिस्तीन कीलर या तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल ते सभागृहाशी खोटं बोलले, ते उघडकीला आलं आणि मंत्रिपदाबरोबर खासदारकीही सोडून घरी बसले. साऱ्या देशाचा डोळा लागलेल्या या निवडणुकीची जत्रा झाली नसती तरच नवल. ‘स्क्रीमिंग लॉर्ड सच’ असं नाव लावणारा बावीस वर्षांचा एक रॉक गायक टीनएजर मुलांचा म्हणून काढलेल्या पक्षातर्फे उभा राहिला आणि 209 मतं घेऊन परत गेला. त्याच मतपत्रिकेवर लेबर पक्षातर्फे होते अँड्र्यू फॉल्ड्स. व्यवसाय नटाचा. गावातल्या शेक्सपिअर थिएटरमध्ये त्यांनी कामं केली होती, राहायलाही ते त्याच पंचक्रोशीत. गाव नाटकाचं, उमेदवार नाटकातला, आणि तरी पडले. पुढच्या वर्षी सार्वत्रिक निवडणुकीत तिथूनच पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले.

ज्यानं गायक आणि नट एकाच तराजूत तोलून दोघांनाही ‘हौशी मंडळी’ म्हणून बाजूला सारलं असेल, त्याला दोष देता येत नाही. आपणही तेच करतो. कुठल्याही पक्षानं नटाला तिकीट दिलं की चहाच्या टपरीपासून अग्रलेखापर्यंत एकच सूर लागतो: यांना काय कळतंय राजकारणातलं? तोंडाला रंग लावणाऱ्यांनी तोंडाला रंगच लावावा. या सुरात थोडं शहाणपण आहे आणि बराचसा आळस आहे. शहाणपण असं की चेहऱ्यावर मतं मागणारा उमेदवार पुढची पाच वर्षं मतदारसंघात चेहराच दाखवत नाही, हा अनुभव आपण घेतलेला आहे. आळस असा की हीच चौकशी आपण वकिलाची, साखर कारखान्याच्या चेअरमनची किंवा कुणाच्या पुतण्याची करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस नट आहे का, ही चौकशीच बिनकामाची. चौकशी करायची ती त्यानं कुठली जागा मागितली याची. हे मला फॉल्ड्स यांच्या आयुष्यातून जितकं उमगलं तितकं दुसऱ्या कुणाच्या नाही, म्हणून आपल्याकडे फारसं ठाऊक नसलेलं हे नाव आज काढलं.

फॉल्ड्स यांचा जन्म 1923 चा, तेव्हाच्या टांगानिकातला, म्हणजे आजच्या टांझानियातला. आईवडील स्कॉटिश मिशनरी. शिक्षण बहुतेक स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो विद्यापीठापर्यंत. 1948 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या नाटक कंपनीत दाखल. पण घराघरात पोचला तो त्यांचा आवाज, आणि तो पोचवला रेडिओनं. सप्टेंबर 1953 मध्ये बीबीसीच्या लाइट प्रोग्रॅमवर चार्ल्स चिल्टन यांनी लिहिलेली अंतराळसफरीची मालिका सुरू झाली, ‘जर्नी इंटू स्पेस’. चार जणांचं यान, त्याचा कप्तान जेट मॉर्गन. फॉल्ड्स म्हणजे जेट मॉर्गन. टीव्ही घरोघरी शिरत होता, तरी संध्याकाळच्या वेळी त्याच्यापेक्षा जास्त श्रोते खेचणारा ब्रिटनमधला हा शेवटचा रेडिओ कार्यक्रम मानला जातो. तीन मालिका झाल्या: पहिली चंद्राची, दुसरी मंगळाची, तिसरीत पृथ्वीवरच संकट.

मी ही मालिका पहिल्यांदा ऐकली ती रात्री, इअरफोन लावून, घरातले सगळे झोपल्यावर. पहिल्या मालिकेची मूळ मुद्रणं बीबीसीनं पुसून टाकली होती. 1958 मध्ये परदेशी केंद्रांना विकण्यासाठी तीच गोष्ट अठरा भागांची तेरा भागांवर आणून पुन्हा ध्वनिमुद्रित केली, म्हणून ती आज आपल्या कानावर पडते. यानात लेमी नावाचा वायरलेस सांभाळणारा एक गडी आहे, लंडनच्या गल्लीतली बोली बोलणारा, भेदरट आणि गमत्या. तो घाबरतो आणि घाबरून बडबडतो. मग जेटचा आवाज येतो. तो मोठा नसतो, चढत नाही, समजूतही घालत बसत नाही. अमुक कर, मग तमुक कर. तेवढ्यावर लेमी शांत होतो, आणि अंधारात पडलेले आपणही होतो.

हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या काळी रेडिओ नाटकात तीनचार नट एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहत. हातात टंकलिखित कागद. पान संपलं की ते असं बाजूला करायचं की सळसळ ऐकू जाता कामा नये. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना आपण अर्धं पाऊल मागे, आपलं आलं की अर्धं पाऊल पुढे. दाखवायला चेहरा नाही, केसांवरून फिरवायला हात नाही. समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकलं नाही तर आपलं वाक्य खोटं पडतं आणि ते खोटं लाखो घरांत एकाच वेळी पकडलं जातं. रेडिओचा नट आधी ऐकणारा असतो. पडद्यावरच्या नायकाला ही सवय लागेलच असं नाही, कारण त्याला बघितलं जाण्याची सवय असते.

पडद्यावर फॉल्ड्स नायक कधीच नव्हते. ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये ते जहाजावरच्या वीरांपैकी एक, फॅलेरस. एलिझाबेथ टेलरच्या ‘क्लिओपात्रा’मध्ये अँटनीचा सेनापती कॅनिडियस. ‘द ट्रॉलेनबर्ग टेरर’ नावाच्या भुताटकीवजा चित्रपटात एक गिर्यारोहक. चेहरा पाहिलेला वाटतो, नाव आठवत नाही, अशा जातीचे नट. आपल्या सिनेमात इन्स्पेक्टर, डॉक्टर आणि सरकारी वकील करणाऱ्या गुणी मंडळींची जी गत, तीच. त्यांचा कटआउट चौकात लावून गर्दी जमली नसती. लोकांना आवाज माहीत होता, आणि आवाजाची मिरवणूक काढता येत नाही.

त्या मालिकेत माणूस चंद्रावर जातो तो 1965 साली. 1953 च्या इंग्लंडला बारा वर्षांत हे होईल असं वाटत होतं किंवा निदान वाटायला आवडत होतं. खरोखरचं 1965 उजाडलं तेव्हा बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेदिक नावाच्या गावात काय चाललं होतं ते सांगतो.

स्मेदिक हे कारखान्यांचं गाव. आमच्या कोल्हापूरला उद्यमनगरात ज्याला फौंड्री म्हणतात, तसल्या ओतकामाच्या कारखान्यांचं. धग, धूळ, रात्रपाळी. युद्धानंतर या कामाला माणसं मिळेनात, तेव्हा पंजाबातून शीख आले, वेस्ट इंडीजमधून कॅरिबियन आले. काम मिळालं, खोली मिळेना. पबमध्ये कामगारांच्या साध्या खोलीत उभं राहून प्यायला हरकत नव्हती, पण गालिचा घातलेल्या बैठकीच्या खोलीत सावळ्या माणसाला मज्जाव. आपल्याला यातलं काही नवीन नाही. वेगळी कपबशी आपण पाहिली आहे. फरक एवढाच की तिथे रांगेत मागे उभा होता तो आपला माणूस होता.

1964 च्या निवडणुकीत देश लेबरकडे झुकला आणि स्मेदिक उलटं गेलं. पॅट्रिक गॉर्डन वॉकर हे लेबरचे बडे नेते, 1945 पासूनचे तिथले खासदार, परराष्ट्रमंत्री होणार हे ठरलेलं. त्यांना पीटर ग्रिफिथ्स नावाच्या स्थानिक काँझर्व्हेटिव्ह मुख्याध्यापकानं 1,774 मतांनी पाडलं. प्रचारात एक घोषणा फिरत होती: काळा शेजारी हवा असेल तर लेबरला मत द्या. मूळ घोषणेत ‘काळा’ नव्हतं, त्याहून घाणेरडा शब्द होता. ती आपण काढली नाही, असं ग्रिफिथ्स म्हणाले. पण निषेध करायलाही तयार झाले नाहीत, ही लोकभावना आहे म्हणाले. ‘लोकभावना’ या शब्दामागे दडण्याची कला कुठल्या एका देशाची मिरास नाही.

पुढे नगरपालिकेनं मार्शल स्ट्रीट नावाच्या एका रस्त्यावरची रिकामी होतील ती घरं विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना भाड्यानं द्यायचा घाट घातला. गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी त्यासाठी कर्ज काढू दिलं नाही, म्हणून तो बेत बारगळला. 12 फेब्रुवारी 1965 ला, इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जोहल यांच्या बोलावण्यावरून, अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स त्या रस्त्यावर येऊन चालून गेले. साधा रस्ता, दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला.

असा तो मतदारसंघ. लेबर पक्षाचा तिथे हात पोळला होता आणि पक्षाचं वागणंही धड नव्हतं. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्रिफिथ्स यांना भर सभागृहात संसदेतला महारोगी म्हटलं, टाळ्या घेतल्या; आणि त्याच विल्सन यांच्या सरकारनं ऑगस्ट 1965 मध्ये राष्ट्रकुलातून येणाऱ्या कामगारांच्या परवान्यांवर वर्षाला 8,500 ची मर्यादा घातली. सार्वजनिक जागी वर्णभेद करायला बंदी करणारा कायदाही त्याच वर्षी केला. एका हातानं कानाखाली, दुसऱ्या हातानं गोंजारणं. अशा वेळी एखादा सावध उमेदवार स्मेदिकमध्ये रस्ते, पेन्शन आणि महागाईवर बोलला असता आणि ‘तो विषय’ टाळला असता. 1966 ला तिथे लेबरनं उभे केले फॉल्ड्स, आणि विषय टाळणं हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

हे कुठून आलं? घरातून थोडं आलंच असणार. पण ते कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-नट पॉल रॉबसन यांच्याकडून जास्त आलं, असं मानायला जागा आहे. 1959 मध्ये रॉबसन स्ट्रॅटफर्डला ऑथेल्लो करायला आले. त्यांच्या राजकीय मतांपायी अमेरिकेनं आठ वर्षं त्यांचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता. तो 1958 मध्ये सुटला होता. (त्याच वर्षी भारतात त्यांचा साठावा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा समितीच्या अध्यक्षस्थानी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला होते. अमेरिकन वकिलातीला ते रुचलं नव्हतं.) स्ट्रॅटफर्डच्या मुक्कामात रॉबसन फॉल्ड्स दांपत्याच्या घरी उतरले होते. जगातला बहुधा सर्वांत भारदस्त आवाजाचा माणूस रोज रात्री प्रयोगाहून घरी येतोय, आणि त्या आवाजाची काय किंमत त्यानं मोजली आहे हे आपण समोर बसून ऐकतोय. आवाज आहे तर राजकारणात जा, असा आग्रह त्यांनीच फॉल्ड्स यांना केला. चार वर्षांत ते स्ट्रॅटफर्डच्या मतपत्रिकेवर होते.

आता जागांचा हिशेब मांडतो. पहिल्या दोन वेळा स्ट्रॅटफर्ड, जिथे लेबर निवडून येण्याची शक्यता नव्हतीच. तिसऱ्या वेळी स्मेदिक, देशातली सर्वांत घाण झालेली निवडणूक जिथे नुकती होऊन गेली होती. यात कुठेही ‘हक्काची जागा’ नाही. मार्च 1966 मध्ये फॉल्ड्स यांनी ग्रिफिथ्स यांना 3,490 मतांनी हरवलं. लेबरची लाट होती, ती लाट त्यांनाही लागली, हे खरंच. कप्तान जेट मॉर्गनसाठी कुणी मत दिलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. पण स्मेदिकमध्ये मतं देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त फिरली. जे गाव ‘लोकभावने’चं म्हणून दाखवलं जात होतं, त्याच गावानं सतरा महिन्यांत ते भाषांतर चुकीचं ठरवलं.

इथे कुणी म्हणेल, तेही आयात उमेदवारच ना? हो, आयातच. स्मेदिकचे ते नव्हते. पण आयात उमेदवार दोन प्रकारचे असतात. एकाला पक्ष पाठवतो कारण तिथे दगड उभा केला तरी निवडून येतो. दुसरा जातो कारण तिथे स्थानिकांना जायची छाती होत नाही. आपल्याकडच्या सिनेनटांच्या उमेदवाऱ्या या चाळणीतून काढून पाहा. बहुतेक वरच्या वर उडून जातील. जे उरतील त्यांत सुनील दत्त असतील. त्यांची सुरुवातही आवाजातून झाली, रेडिओ सिलोनवर निवेदक म्हणून. 1984 मध्ये ते वायव्य मुंबईतून खासदार झाले ती जागा लाटेतली होती, तीत मोठेपण काही नाही. मोठेपण 1987 चं. पंजाब पेटलेला असताना ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. निवडून आल्यावर मागितलेली जागा कधीकधी निवडून येण्याआधी मागितलेल्या जागेपेक्षा जास्त बोलते.

नटाविरुद्धचा दुसरा आक्षेप जास्त मुद्द्याचा आहे. नट म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं बोलणारा. त्याला स्वतःचं म्हणणं कुठलं? हा आक्षेप ऐकला की मला मंगळाच्या मालिकेतला व्हिटेकर आठवतो. तो यानांच्या ताफ्यातला एक कर्मचारी. सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात बोलतो. हळूहळू लक्षात येतं की मंगळवासीयांनी त्याचं मन ताब्यात घेतलं आहे. हुकूम आला की कसलाही प्रश्न न विचारता पाळायचा, हे तो इतक्या थंडपणे म्हणतो की अंगावर काटा येतो. एक भाग ऐकून झाल्यावर मी दिवा लावून बसलो होतो.

दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं बोलण्यात संसदेसारखी तरबेज रंगभूमी दुसरी नाही. तिथल्या संहितेला व्हिप म्हणतात. हात वर कर म्हटलं की वर, गप्प म्हटलं की गप्प. नाटकातला नट निदान दिग्दर्शकाशी भांडतो. फॉल्ड्स यांना ही संहिता कधी पाठ झाली नाही. विरोधी बाकांवर असताना ते पक्षाचे कलाविषयक प्रवक्ते होते, आणि त्या पदावरून त्यांना दोनदा काढलं गेलं.

दुसऱ्यांदा काढलं ते 1982 मध्ये. अर्जेंटिनानं घेतलेल्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटिश आरमार निघालं होतं. लेबरचे नेते मायकेल फूट यांनी आरमार पाठवायला पाठिंबा दिला होता. मे महिन्यात लेबरच्या तेहतीस खासदारांनी पक्षाचं न ऐकता विरोधात मत दिलं. त्यातले जे पदावर होते त्यांना फूट यांनी पदावरून दूर केलं: टॅम डॅलियेल, जॉन टिली आणि अँड्र्यू फॉल्ड्स. युद्धाच्या दिवसांत, सगळे झेंडे हलवत असताना, कारखान्यातल्या कामगारांच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या माणसानं हे करायचं म्हणजे पुढच्या निवडणुकीवर पाणी सोडायची तयारी हवी. ते निवडून आले, ही गोष्ट वेगळी.

पहिल्यांदा काढलं ते 1973 मध्ये, आणि तिथे माझी पंचाईत होते. पॅलेस्टिनी अरबांची बाजू फॉल्ड्स यांनी आयुष्यभर लावून धरली, तेव्हा तशी बाजू घेणारे लेबरमध्ये थोडे होते. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतर मात्र ते ज्यू खासदारांच्या निष्ठेवरच बोलले. त्यांची निष्ठा दोन देशांत वाटली गेली आहे, असा तो सूर होता. विल्सन यांनी त्यांचं पद काढून घेतलं. मला वाटतं, बरोबर केलं. इस्रायलच्या धोरणावर कितीही कडक बोला. पण समोरच्या खासदाराचा धर्म बघून तो नेमका कुणाचा, असं विचारणं म्हणजे मार्शल स्ट्रीटवर विचारला गेलेला प्रश्नच सभागृहात आणणं. स्मेदिकच्या शिखांना नेमकं हेच विचारलं जात होतं. आपल्याकडेही क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी काही मोहल्ल्यांना हेच विचारतात. ज्या माणसानं त्या प्रश्नाविरुद्ध निवडणूक जिंकली, त्याच्याच तोंडी तो आला.

हे मी झाकून ठेवलं असतं तर लेख जास्त गुळगुळीत झाला असता. पण माझ्या म्हणण्याला त्यानं बाध येतो असं मला वाटत नाही. उलट नट म्हणून केलेला बचावही किती तोकडा आहे ते कळतं. ‘कलावंत संवेदनशील असतो, म्हणून त्यानं राजकारणात यावं’ असं आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या मांडवात ऐकू येतं. संवेदनशीलतेचा परवाना कुणाला जन्मभरासाठी मिळत नाही. फॉल्ड्स यांच्या स्वभावात जी आग होती ती दोन्ही वेळा तीच होती. 1966 ला आणि 1982 ला ती योग्य ठिकाणी लागली, 1973 ला भलतीकडे. आणि सभागृहात मोठ्यानं मध्येच बोलून समोरच्याचं भाषण उधळण्यात त्यांना जी मजा येई, ती रेडिओवरच्या शांत कप्तानाला शोभणारी नव्हती. जेट मॉर्गननं लेमीचं वाक्य कधी तोडलं नसतं.

आणखी एक आक्षेप आहे, तो झटकन उरकतो. खासदार असताना ते चित्रपटांत कामं करत होते. केन रसेल यांच्या ‘द म्युझिक लव्हर्स’मध्ये आणि ‘द डेव्हिल्स’मध्ये ते दिसतात, दोन्ही 1971 चे, म्हणजे खासदारकीचं पाचवं वर्ष. लोकप्रतिनिधीनं दुसरी नोकरी करू नये, असं मलाही वाटतं. पण हा नियम असेल तर तो कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसणाऱ्यांना आधी लावा. चार दिवसांच्या शूटिंगचा पैसा कुठून आला ते श्रेयनामावलीत सगळ्यांना दिसतं.

‘द म्युझिक लव्हर्स’ची नायिका होती ग्लेंडा जॅक्सन. एकवीस वर्षांनी, 1992 मध्ये, त्याही लेबरच्या खासदार झाल्या, आणि एका चित्रपटातली दोन माणसं एकाच पक्षाच्या बाकांवर बसली. जॅक्सन पुढे कनिष्ठ मंत्री झाल्या, तेवीस वर्षं खासदार राहिल्या, आणि ऐंशीला आल्यावर रंगभूमीवर परतून किंग लिअर केला. फॉल्ड्स यांना मंत्रिपद कधीच मिळालं नाही. मिळालं नाही म्हणून ते अयशस्वी, असं म्हणणारे भेटतील. एकतीस वर्षं त्याच पट्ट्यानं त्यांना निवडून दिलं. 1974 मध्ये स्मेदिकचा मतदारसंघ मोडून वॉर्ली ईस्ट झाला तरी माणूस तोच राहिला. मंगळवारच्या सभेला मार्शल स्ट्रीटच्या आसपासच्या कुठल्या तरी घरातून एखादा पगडीवाला म्हातारा गाऱ्हाणं घेऊन येतो आणि समोर जेट मॉर्गनचा आवाज त्याला विचारतो, सांगा, काय झालं, असं चित्र मी मनाशी रंगवतो. ते माझं चित्र आहे, कुठल्या दप्तरातलं नव्हे. पण एकतीस वर्षं टिकायला असं काहीतरी रोज घडावं लागतं, एवढं मला आपल्याकडच्या आमदारांवरून माहीत आहे.

आणि पीटर ग्रिफिथ्स? 1966 ला पडल्यावर ते संपले असं सगळ्यांनी धरलं होतं. 1979 मध्ये ते पोर्ट्समथ नॉर्थमधून पुन्हा खासदार झाले. पुढची अठरा वर्षं हे दोघं एकाच सभागृहात समोरासमोरच्या बाकांवर होते. मे 1997 मध्ये दोघंही एकदमच बाहेर पडले, फॉल्ड्स निवृत्त होऊन आणि ग्रिफिथ्स पडून.